पोटदुखीला कंटाळून

माझा चुलतभाऊ गेला तेव्हा मी कॉलेजात होतो. पंचनाम्यासाठी पोलीस घरी आले. हवालदाराने चार-पाच प्रश्न विचारले. कुणाशी भांडण? कर्ज? आजार? कुणावर संशय? मोठ्यांनी आधीच बजावले होते, "पोट दुखता था बोलना, बस." मी तेच सांगितले. कागदावर वाक्य उमटले, पोटदुखीला कंटाळून. त्याखाली माझी सही आहे.

खोटे बोलण्यामागे भीती होती. पोलिसांचे झेंगट नको, बहिणींच्या सोयरिकीत विघ्न नको, आणि सगळ्यात मोठी भीती जनाज्याची. मौलवीसाहेब नमाज पढवतील ना? आत्महत्या हराम आहे, यात वाद नाही. पण बहुसंख्य फकीहांच्या मते अशा मय्यतीचीही जनाज्याची नमाज पढली जाते. हे मला फार उशिरा कळले. त्या दिवशी कळले असते तर कदाचित मी खरे बोललो असतो.

पुढे वाचता वाचता समजले, की मागे राहिलेल्यांना नीट विचारण्याचेही एक शास्त्र आहे आणि त्याला इतिहास आहे.

१८९७ साली फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम यांनी आत्महत्येवर ग्रंथ लिहिला. त्यांचा आधार होता सरकारी आकडेवारीचा. पण आकडे कुठून येतात? माझ्या सहीच्या कागदासारख्या कागदांवरूनच. म्हणजे घराघरातले मौन आकड्यांत उतरते.

घरात जाऊन विचारण्याचे मोठे काम अमेरिकेत झाले. सेंट लुईस शहर आणि परिसरात १९५६-५७ या एका वर्षात १३४ आत्महत्या झाल्या. मानसोपचारतज्ज्ञ एली रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी त्या माणसांचे नातलग, मित्र, ओळखीपाळखीचे लोक यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यातून दिसले, की बहुतेक जण नैराश्य, दारूचे व्यसन अशा आजारांनी ग्रासलेले होते. आणि दोनतृतीयांशांहून अधिक जणांनी मरणाचा विचार कुणाजवळ तरी बोलून दाखवला होता. "जो बोलतो तो करत नाही" ही आपल्याकडची समजूत तिथेच खोटी ठरते.

याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये मृत्यूची कारणे ठरवणारे अधिकारी थिओडोर कर्फी अडचणीत होते. औषधांच्या अतिसेवनाने माणूस गेला, तर तो अपघात की आत्महत्या? देह उघडून मनातला हेतू सापडत नाही. त्यांनी एडविन श्नाइडमन, नॉर्मन फार्बरो आणि रॉबर्ट लिटमन यांची मदत घेतली. हे लोक मृताच्या आप्तांशी बोलून त्याचे शेवटचे दिवस जुळवत. श्नाइडमन यांनी या पद्धतीला नाव दिले, मानसशास्त्रीय शवविच्छेदन. १९६२ साली मेरिलिन मन्रो गेली, तेव्हा याच मंडळींचे साहाय्य घेतले गेले आणि निष्कर्ष निघाला, 'संभाव्य आत्महत्या'. त्यातला 'संभाव्य' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो.

तो शब्द विसरला की काय होते? १९८९ मध्ये 'आयोवा' या अमेरिकन युद्धनौकेवर स्फोट होऊन ४७ नौसैनिक ठार झाले. मृतांपैकीच एकाने मरण्यासाठी हे घडवले, असे नौदलाने जाहीर केले. एफबीआयच्या विश्लेषकांनी स्वतः कुणाला न भेटता, नौदलाने दिलेल्या कागदांवरून त्याला दुजोरा दिला. संसदेच्या समितीने मानसशास्त्रज्ञांकडून हे विश्लेषण तपासून घेतले, तेव्हा बहुतेकांना ते कच्चे वाटले. १९९१ मध्ये नौदलाने पुरावा नसल्याचे मान्य करून त्याच्या कुटुंबाची माफी मागितली. मेलेला माणूस उलटून बोलू शकत नाही, म्हणून विचारणाऱ्याची जबाबदारी दुप्पट असते.

अनुभवातून पथ्ये ठरत गेली. मातीला गेल्या गेल्या दार ठोठवायचे नाही, शोक थोडा निवला की जायचे. पण इतका उशीरही नको की आठवणी विरून जातील. वर्षश्राद्ध, बरसी असे दिवस टाळायचे. एकावर विसंबायचे नाही. आईला जे ठाऊक नसते ते मित्राला असते. आणि तुलना हवी. चेन्नईत लक्ष्मी विजयकुमार आणि राजकुमार यांनी १०० आत्महत्यांची तुलना १०० जिवंत माणसांशी केली. तो अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. तुलना नसेल तर कर्ज हेच कारण वाटते; पण तेवढेच कर्ज असलेला शेजारी जगतोच आहे.

आक्षेपही आहेत. नॉर्वेच्या हेल्मेलँड आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये विचारले, जो माणूस समोर नाही त्याच्या मानसिक आजाराचे निदान दुसऱ्याच्या आठवणीवरून कसे करणार? प्रश्न रास्त आहे. दुःखी माणूस कारण शोधत असतो, आणि शोधता शोधता आठवणीही त्या कारणाकडे झुकतात. कुणी स्वतःला दोष देतो, कुणी सुनेला.

तरीही विचारले पाहिजे. कित्येक वर्षांनी एका ईदला मी चाचीजवळ बसलो. कसा गेला, हे विचारले नाही. म्हणालो, "चाची, लहानपणी कैसा था वो?" ती दोन तास बोलली. शेवटच्या महिन्यात त्याची झोप उडाली होती. आवडती कबुतरे त्याने मित्राला देऊन टाकली होती. "किसीने पूछाच नहीं बेटा," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात पोटदुखीचा उल्लेख एकदाही आला नाही.

माझी सही आता बदलता येणार नाही. पण आपल्या मोहल्ल्यात कुणाची झोप उडाली असेल, कुणी जिवापाड जपलेल्या वस्तू वाटत सुटला असेल, तर जनाज्याची वाट न पाहता आजच त्याच्याजवळ बसा आणि विचारा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे. तो स्वतःसाठीही लावता येतो.