वैद्याची शपथ : उगम आणि अर्थ

कायदा माणसाला बाहेरून बांधतो. व्रत घेणारा मात्र स्वतःला आतून बांधून घेतो. वैद्यकीय शिक्षणाच्या उंबरठ्यावर घेतली जाणारी शपथ ही मूळची अशीच व्रतप्रतिज्ञा होय.

पाश्चात्त्य परंपरेतील शपथ हिपोक्रेटिस या ग्रीक वैद्याच्या नावाने ओळखली जाते. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तो होऊन गेला. शपथेचा मजकूर त्याचाच आहे, असे मात्र अभ्यासक निश्चित मानत नाहीत. कोणी मागितले तरी प्राणघातक औषध देऊ नये, रुग्णाचे गुपित उघड करू नये आणि गुरूस पित्यासमान मानावे, ही तिची प्रमुख कलमे आहेत.

भारतात चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात अशीच प्रतिज्ञा आढळते. अग्नी, ब्राह्मण आणि वैद्य यांच्या साक्षीने गुरू शिष्यास सांगतात : सत्य बोलावे, मांस खाऊ नये, शस्त्र बाळगू नये, स्वतःच्या प्राणांवर बेतले तरी रुग्णाचे अहित करू नये. राजाचा रोष ओढवलेल्यांवर उपचार करू नयेत, असेही बंधन तेथे आहे. ती त्या काळाची मर्यादा होय.

चरकांनी शिष्यास मांस वर्ज्य केले, तरी रुग्णाच्या पथ्यात ते सांगितले आहे. जैन आचार्यांनी पुढचे पाऊल टाकले. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ रचला आणि मद्य, मांस व मधु यांना चिकित्सेतूनच वगळले. एका जीवास वाचविताना दुसऱ्याचा घात होऊ नये, ही त्यामागील दृष्टी होय. हा ग्रंथ १९४० मध्ये सोलापूर येथून प्रकाशित झाला.

शपथ असूनही ती मोडली जाते, याचा दारुण पुरावा विसाव्या शतकाने दिला. नाझी राजवटीत बंदिवानांवर अमानुष प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांवर १९४६-४७ मध्ये न्युरेंबर्ग येथे खटला चालला. त्यानंतर १९४८ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेने जिनिव्हा येथे नवी प्रतिज्ञा स्वीकारली. धर्म, वंश, राष्ट्र, पक्ष वा सामाजिक स्थान यांवरून रुग्णांत भेद न करण्याचे वचन तीत आहे. २०१७ च्या सुधारणेत रुग्णाच्या स्वतःच्या निर्णयाचा आदरही समाविष्ट झाला. भारतात राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ मध्ये नवप्रवेशित विद्यार्थ्यांसाठी महर्षी चरक शपथेच्या सुधारित रूपाची शिफारस केली.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील १० शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत जालन्याचाही समावेश होता. त्यामुळे ही प्राचीन परंपरा आता जालनेकरांच्या दारी आली आहे. शब्द ग्रीक असोत वा संस्कृत, त्यांतील तत्त्व एकच. आजारी मनुष्य असहाय असतो आणि ज्ञानाचे सामर्थ्य वैद्याच्या हाती असते. म्हणून सामर्थ्यवानाने आधी स्वतःचे हात बांधून घ्यावेत. अणुव्रतांचे संस्कार लाभलेल्या समाजास हे निराळे सांगावे लागत नाही. शपथ एका दिवशी उच्चारली जाते. पाळावी मात्र प्रत्येक रुग्णापुढे नव्याने लागते.