दंड आणि लेखणी

पोलिसाला शिक्षण किती असावे, हा प्रश्न वरवर पाहता नोकरभरतीचा वाटतो. पण मुळात तो न्यायाचा प्रश्न आहे. अन्याय झालेला मनुष्य ठाण्याची पायरी चढतो, तेव्हा त्याची हकिकत प्रथम पोलिसाच्या लेखणीतून कागदावर उतरते. वकील आणि न्यायाधीश पुष्कळ पुढे भेटतात. त्यांच्यापुढे जे काही चालते, त्याचा पाया बहुधा त्या पहिल्या कागदावरच असतो. म्हणून ती लेखणी कोणाच्या हाती होती, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

जुन्या मराठी गावात दंड आणि लेखणी निरनिराळ्या हातांत असत. बंदोबस्त पाटलाकडे, तर दप्तर कुळकर्ण्याकडे. पाटलास अक्षरओळख असलीच पाहिजे, अशी कोणाची अपेक्षा नव्हती. कागदावर नांगराची निशाणी केली की त्याचे काम भागे. या रीतीत दोष पुष्कळ होते. लिहिणारा लबाड निघाला, तर न लिहिणाऱ्या गावाला त्याचा उपसर्ग पोहोचे. तथापि ज्याच्या हाती काठी, त्याच्याच हाती कागद, असा प्रकार सहसा नसे.

इंग्रजी अमदानीत हा प्रकार रूढ झाला. 1857 च्या उठावानंतर 1860 साली सरकारने पोलीस आयोग नेमला आणि 1861 साली पोलिसांचा पाचवा कायदा झाला. मुंबई इलाख्याने 1867 व 1890 साली आपले वेगळे कायदे केले. चार्ल्स नेपियर यांनी सिंध प्रांतात आयर्लंडच्या धर्तीवर जे पोलीस दल उभारले होते, त्याचा कित्ता या नव्या व्यवस्थेने गिरवला. शिस्त, कवायत आणि वरिष्ठांची आज्ञा, यांवर तिचा भर होता. लंडन शहरात रॉबर्ट पील यांनी 1829 साली नवे पोलीस नेमले, तेव्हा शिपायाला लिहिता-वाचता आले पाहिजे, अशी अट घातली होती. इकडे शिपायाची निवड होताना त्याची उंची आणि छातीची रुंदी अगोदर पाहिली जाई.

गंमत अशी की, त्याच 1861 साली फौजदारी कामकाजाची संहिताही झाली, आणि तिने पोलिसावर लेखनाचा मोठा भार टाकला. फिर्याद लिहून घ्यावी, तपासाची रोजनिशी ठेवावी, साक्षीदारांना विचारपूस करावी, अशी कामे ठाण्याकडे आली. परंतु ज्याला लिहिण्यास सांगितले, त्याच्या लिहिण्यावर मात्र कायद्याचा विश्वास नव्हता. मद्रास इलाख्यात सरकारी नोकर लोकांचा छळ करतात, या तक्रारींची चौकशी होऊन 1855 साली अहवाल आला होता. त्याची आठवण ताजी होती. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा धरू नये, असा दंडक घातला गेला. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात तो 25 व्या कलमात आला. 1898 च्या संहितेच्या 162 व्या कलमाने, साक्षीदाराच्या जबानीवर त्याची सही घेण्यासही मनाई केली. हे निर्बंध प्रजेच्या रक्षणासाठी होते आणि त्यांची गरजही होती. परंतु अविश्वासाचे मूळ काढण्याऐवजी त्याला कुंपण घालणे सरकारला सोपे वाटले. चांगला पगार देऊन शिकलेला मनुष्य आणणे हा खर्चाचा मार्ग होता.

त्या मार्गाकडे पहिले मोठे पाऊल पडले ते लॉर्ड कर्झन यांच्या काळात. अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने 1902–03 मध्ये देशभर चौकशी केली. पोलीस अकार्यक्षम आहेत, त्यांचे शिक्षण सदोष आहे आणि लोकांचा विश्वास त्यांनी मुळीच मिळवलेला नाही, असा परखड निष्कर्ष या सरकारी आयोगानेच काढला. शिपायाला दरमहा निदान 8 रुपये मिळावेत, प्रांतोप्रांती प्रशिक्षणशाळा निघाव्यात आणि फौजदाराच्या जागी शिकलेले तरुण थेट नेमावेत, अशा त्याच्या शिफारशी होत्या. मुंबई इलाख्यासाठी 1906 साली पुण्याजवळ भांबुर्डे येथे शाळा निघाली व 1909 साली ती नाशिकला गेली. बेळगाव, धारवाड हे जिल्हे तेव्हा याच इलाख्यात होते.

मात्र आयोगाने शिक्षणाची रेघ फौजदारापाशी ओढली. गस्त, पहारा, कैद्यांची ने-आण अशी यांत्रिक कामेच शिपायाने करावीत, असे त्याचे मत पडले. वरच्या टोकालाही दार अरुंदच होते. वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी 1893 पासून लंडनला स्पर्धा परीक्षा होई. परंतु हिंदी तरुणांना त्या श्रेणीचा परीक्षेद्वारे प्रवेश 1920 नंतरच मिळाला. अशा रीतीने वरचा साहेब परका आणि खालचा शिपाई अशिक्षित, अशी उतरंड पुष्कळ वर्षे टिकली.

स्वातंत्र्यानंतर अटी वाढत गेल्या. भारतीय पोलीस सेवेला पदवी लागते. तिच्या अधिकाऱ्यांची अकादमी 1975 साली माउंट अबूहून हैदराबादला आली. महाराष्ट्रात फौजदाराला पदवी आणि शिपायाला 12 वी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. शिपायाच्या भरतीला पदवीधरांचीही रांग लागते. 1977 साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने मात्र नेमक्या जागी बोट ठेवले. शिपायाला निव्वळ यंत्रासारखे राबवण्याची जुनी कल्पना सोडून, त्याने स्वतःच्या बुद्धीने काम करावे, अशी तजवीज करा, असे त्याचे सांगणे होते. शिपायाकडून शिक्षणाची अपेक्षा वाढली, पण त्याच्या शिक्षणाला पुरेसे काम दिले गेले नाही, हे दुखणे आजही सरलेले नाही.

1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या 173 व्या कलमातही जुना नियम कायम आहे: तोंडी फिर्याद लिहून घ्यावी, फिर्यादीला वाचून दाखवावी, त्याची सही घ्यावी आणि एक प्रत त्याला विनामूल्य द्यावी. झडतीचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याचे कर्तव्यही आता लेखणीच्या जोडीला आले आहे. कायदा एवढे सांगू शकतो. परंतु ज्या विधवेला अक्षर येत नाही, तिला वाचून दाखवलेला मजकूर तिच्याच शब्दांचा आहे की नाही, हे त्या घटकेला फक्त लिहिणाराच जाणतो. परीक्षेच्या प्रमाणपत्राने त्याला शुद्ध लिहिता येते, हे सिद्ध होईल. त्या शिक्षणाने त्याला खरे लिहिण्याची लाज-भीड आणि तसे लिहिण्याचे धैर्य दिले काय, याची परीक्षा ठाण्यातल्या त्या टेबलापाशीच होते.