डेंकिंगर निर्णय
अमेरिकेतील १९८५ च्या जागतिक मालिकेच्या सहाव्या सामन्यात पंच डॉन डेंकिंगर (१९३६–२०२३) यांनी दिलेला वादग्रस्त निर्णय (पहा : बेसबॉल, जागतिक मालिका).

सेंट लुइस कार्डिनल्स व कॅन्सस सिटी रॉयल्स हे दोन्ही संघ मिझुरी राज्यातले. त्यामुळे वाद घरोघरी पोहोचला. २६ ऑक्टोबर रोजी कार्डिनल्स मालिकेत ३–२ व सामन्यात १–० असे पुढे होते. नवव्या डावाच्या उत्तरार्धात रॉयल्सच्या होर्हे ओर्टाला पहिल्या बेसवर नाबाद ठरवण्यात आले. पुनर्दृश्यात तो स्पष्ट बाद दिसतो. अशा वेळी पंच नजर बेसवरील पायावर ठेवतो आणि चेंडू ग्लव्हमध्ये आदळल्याचा आवाज कानांनी टिपतो. प्रेक्षकांच्या गोंगाटात तो ऐकू आला नाही, असे डेंकिंगर यांनी नंतर सांगितले. रॉयल्सने तो सामना २–१ आणि सातवा ११–० असा जिंकला.

कार्डिनल्सचे चाहते विजेतेपद हिरावले गेले असे मानतात. रॉयल्सचे चाहते दाखवतात की ओर्टा पुढे तिसऱ्या बेसवर बाद झाला, धाव त्याने काढलीच नाही. शिवाय कार्डिनल्सच्या जॅक क्लार्कचा उंच उडालेल्या फाउल चेंडूचा अंदाज चुकला आणि यष्टिरक्षकासारख्या कॅचरच्या हातूनही एक चेंडू निसटला. हा युक्तिवाद वजनदार असला, तरी सेंट लुइसमध्ये तो पटत नाही. डेंकिंगर यांना धमक्यांची पत्रे आली.

चित्रफितीवरून फेरतपासणी २००८ मध्ये होमरनपुरती सुरू झाली. २०१४ पासून बेसवरील निर्णयही तिच्या कक्षेत आले (पहा : पंच).