पिशवीतला अभ्यासक्रम

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याला ‘फोर बार मेकॅनिझम’च्या दांड्यांचा वेग काढायला दिला, तर तो आकृती काढून उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत देईल. त्यालाच पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या आणि चार टाचण्या देऊन ‘आता ही यंत्रणा हलवून दाखव’ असे म्हटले, की पहिली अडचण टाचणीच्या भोकापाशी येते. भोक सैल झाले तर पट्टी डुगडुगते, घट्ट झाले तर ती हलतच नाही. किती सैल ठेवायचे हे गणितातून सहजी मिळत नाही, चार भोके वाया घालवावी लागतात. ही चार भोके विद्यार्थ्याने पदवी मिळण्यापूर्वीच वाया घालवावीत, म्हणून गेल्या अर्धशतकात काही विद्यापीठांनी बरीच खटपट केली. त्या खटपटीची ही हकीकत आहे.

सुरुवात अमेरिकेत करावी लागेल. तेथील अभियांत्रिकी शिक्षणाचा आढावा घेणारा ग्रिंटर अहवाल १९५५ साली प्रसिद्ध झाला. अभियंत्याला भौतिकशास्त्र आणि गणित अधिक खोलवर यायला हवे, असा त्याचा रोख होता. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि या विचाराला जोर चढला. अभ्यासक्रमात नवे विषय आले, तसे जुन्यांना सरकावे लागले. सरकले ते मुख्यतः ड्रॉइंग आणि वर्कशॉप. अहवालाची मागणी चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. कानशीने लोखंड घासत बसल्याने कोणी अभियंता होत नाही. पण या बदलानंतर तयार झालेल्या पदवीधरांना यंत्राचे विश्लेषण करता येई, नवे यंत्र सुचवता मात्र येत नसे, ही तक्रार तिकडे लवकरच ऐकू येऊ लागली.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी (पुण्याच्या वाचकांनी नावावरून गोंधळू नये), या संस्थेत विभागांना नावांपेक्षा आकड्यांनी ओळखतात. यंत्र अभियांत्रिकी म्हणजे २, विद्युत अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र म्हणजे ६. विभाग २ मध्ये २.७० या क्रमांकाचा ‘डिझाइनची ओळख’ करून देणारा एक विषय होता. १९७० च्या सुमारास हर्बर्ट रिचर्डसन या प्राध्यापकांनी त्यात एक साधी गोष्ट केली. वर्गातल्या प्रत्येकाला त्यांनी सटरफटर वस्तूंची एक पिशवी दिली आणि तिच्यातून काहीतरी बनवायला सांगितले. त्यांच्या हाताखाली वूडी फ्लॉवर्स नावाचा लुइझियानातून आलेला एक संशोधक विद्यार्थी काम करत होता. गुडघ्याच्या वर पाय गमावलेल्यांसाठी कृत्रिम पाय, हा त्याच्या डॉक्टरेटचा विषय. पुढे हाच विषय त्याच्याकडे आला आणि त्याने पिशवीला स्पर्धेची जोड दिली. सगळ्यांना सारखीच पिशवी, सगळ्यांना एकच काम, हातात काही आठवडे, आणि शेवटी एका टेबलावर दोन-दोन यंत्रांची समोरासमोर झुंज.

पिशवीत काय असे? डॉक्टर जीभ दाबायला वापरतात त्या लाकडी पट्ट्या, रबर बँड, कागदाच्या क्लिपा, स्प्रिंगा, धातूच्या पट्ट्या, असला माल. पुढच्या वर्षांत विजेच्या मोटरी आल्या आणि विद्यार्थी त्या वायरीने जोडलेल्या बटणांवरून चालवू लागले. यंत्र काय करील, तर चेंडू गोळा करील किंवा प्रतिस्पर्ध्याला टेबलाच्या एका बाजूला रेटील. कामाला तसा काही अर्थ नसे, आणि तेच सोयीचे होते. पुस्तकात ज्याचे उत्तर आहे असे काम दिले, तर विद्यार्थी पुस्तक उघडतो. ज्याचे उत्तर कोठेच नाही असे काम दिले, की तो पिशवी उघडतो.

पिशवीचे दुसरे मर्म असे, की तिच्यापुढे सगळे सारखे. बापाच्या गॅरेजमध्ये लेथ असलेला मुलगा आणि आयुष्यात स्क्रू-ड्रायव्हर न धरलेली मुलगी यांना तेवढ्याच पट्ट्या मिळत. वर्गातल्या प्रत्येकाला स्वतःचे यंत्र करावे लागे, गटाच्या मागे लपण्याची सोय नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवावी, तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

स्पर्धा पाहायला गर्दी होऊ लागली. अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने ती देशभर दाखवली, आणि फ्लॉवर्स स्वतः काही वर्षे एका विज्ञान मालिकेचे सूत्रधार झाले. ते २०१९ साली वारले. त्यांचा हा विषय आता २.००७ या क्रमांकाने शिकवला जातो.

दरम्यान जपानमध्ये एक शब्द तयार झाला होता. यास्कावा ही विजेच्या मोटरी बनवणारी कंपनी. तिथले अभियंते तेत्सुरो मोरी यांनी १९६९ साली मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स या शब्दांची तोडजोड करून ‘मेकॅट्रॉनिक्स’ हा शब्द घडवला. कंपनीने तो ट्रेडमार्क म्हणून नोंदवला आणि १९८२ साली त्यावरचा हक्क सोडला, म्हणून आज तो आपल्या अभ्यासक्रमांत फुकट वापरता येतो. शब्दामागची कल्पना शिलाई मशिनच्या उदाहरणाने वर्गात चांगली सांगता येते. जुन्या मशिनमध्ये नक्षीचा टाका घालायचा तर त्या नक्षीच्या आकाराची कॅम लागे. नक्षी बदलली की कॅम बदला. १९७५ साली सिंगर कंपनीने इलेक्ट्रॉनिक मशिन बाजारात आणले, त्यात नक्षी धातूऐवजी चिपमध्ये साठवलेली होती. कॅमचे ज्ञान वाया गेले नाही, पण ते धातूतून निघून स्मृतीत जाऊन बसले. यंत्रातला कोणता भाग धातूत ठेवायचा आणि कोणता चिपमध्ये, हे ठरवणे म्हणजे मेकॅट्रॉनिक्स. दोन विषयांचे दोन पेपर देऊन हे येत नाही, कारण प्रश्नच दोहोंच्या सांध्यावरचा आहे.

जपानमधल्याच दुसऱ्या मोरींनी, मासाहिरो मोरी यांनी, पिशवीला आपले रूप दिले. ते टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या तेव्हाच्या विद्यापीठात यंत्रमानवांवर काम करत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी विद्यार्थ्यांना काम दिले ते असे: टॉर्चमध्ये घालतो तसले दोन मोठे कोरडे सेल घ्या, आणि तेवढ्याच ऊर्जेवर माणसाला बसवून नेणारी गाडी करा. ऐकणाऱ्याला हे अशक्य वाटते. आपण ढोबळ हिशेब करू. एका सेलमध्ये ५ अँपिअर-तास विद्युतभार धरला, तर १.५ व्होल्टने ७.५ वॉट-तास, म्हणजे २७ हजार ज्यूल. दोन सेलचे ५४ हजार. माणूस आणि गाडी मिळून ८० किलो, चाके चांगली असतील तर घरंगळण्याचा विरोध वजनाच्या शंभराव्या भागाएवढा, म्हणजे सुमारे ८ न्यूटन. ५४ हजारांना ८ ने भागले की पावणेसात किलोमीटर येतात!

कागदावर येतात. प्रत्यक्षात सेकंदाला एक मीटर जायचे म्हटले तरी ८ वॉट शक्ती लागते, म्हणजे ३ व्होल्टच्या जोडणीतून जवळजवळ ३ अँपिअर प्रवाह. इतका प्रवाह ओढला की सेलच्या अंतर्गत रोधामुळे व्होल्ट घसरतात आणि ऊर्जा सेल तापवण्यात जाते. मोटर आपला वाटा उष्णतेत घालवते ते वेगळेच. ऊर्जा पुरेशी आहे, शक्ती पुरत नाही. मग गिअर लावून हळू जावे काय? गिअर वाढवले की घर्षण वाढते. ऊर्जा आणि शक्ती यांतला फरक शिकवण्याचा याहून चांगला पाठ आम्हाला ठाऊक नाही, आणि तो अकरावीच्या वर्गातही घेता येईल.

पुन्हा एमआयटीत येऊ. तेथे १९८७ साली विद्यार्थ्यांनीच जानेवारीच्या मोकळ्या महिन्यात एक उपक्रम सुरू केला. त्याचा क्रमांक ६.२७०. विभाग ६ च्या मुलांना यंत्रवाल्यांच्या २.७० चा हेवा वाटला आणि त्यांनी तो आकडा आपल्या आकड्याला जोडला. मेकॅट्रॉनिक्स शब्दाची घडण याहून निराळी नाही. सुरुवात संगणकाच्या पडद्यावरच्या काल्पनिक यंत्रांनी झाली, पण काही वर्षांतच लेगोचे ठोकळे, मोटरी, प्रकाश ओळखणारे संवेदक आणि मोटोरोलाचा ६८११ हा मायक्रोप्रोसेसर असा संच मुलांच्या हाती आला. इथे बटण दाबायला माणूस नव्हता. टेबलाखालचा दिवा लागला की यंत्राने स्वतःच निघायचे आणि प्रोग्रॅमप्रमाणे वागायचे.

या उपक्रमाचे एक शिल्पकार फ्रेड मार्टिन यांनी मुलांच्या चुकांचाच अभ्यास केला. त्यांना दिसले ते शिक्षकांनी मुद्दाम वाचावे असे आहे. हुशार, गणितात पक्की मुले प्रोग्रॅम लिहीत तो पाककृतीसारखा: दोन सेकंद पुढे जा, काटकोनात वळ, चेंडू उचल, परत ये. पहिली पायरी बोटभर चुकली की पुढच्या सगळ्या चुकत, आणि यंत्र हवेतला चेंडू उचलून ऐटीत परत येई. मुले एक आदर्श जग गृहीत धरत. तिथे मोटर रोज तितकीच फिरते आणि संवेदक कधी खोटे बोलत नाही. खऱ्या जगात नव्या बॅटरीवर दोन सेकंदांत यंत्र भिंतीला धडकते, जुन्यावर अर्ध्यात थांबते, आणि दुपारी प्रयोगशाळेत नीट चाललेला प्रकाश-संवेदक रात्री सभागृहातल्या दिव्यांखाली भलतेच सांगतो. टिकाव धरतात ती पावलापावलाला ‘मी आता कोठे आहे’ असे विचारणारी यंत्रे. नियंत्रणशास्त्रातला ‘फीडबॅक’ तो हाच. पण ठोकर खाण्यापूर्वी शिकवला तर तो नुसता फळ्यावरचा एक बाण राहतो.

पुढचा प्रवास वेगाने झाला. १९८८ साली जपानच्या एनएचके दूरचित्रवाणीने तंत्र महाविद्यालयांसाठी ‘रोबोकॉन’ सुरू केली, तिचा पहिला विषय कोरड्या सेलवरच्या गाड्यांची शर्यत. १९९० पासून एमआयटी आणि टोकियोचे विद्यार्थी मिश्र गट करून एकत्र यंत्रे बनवू लागले. फ्लॉवर्स यांच्या साथीने डीन केमन यांनी शाळकरी मुलांसाठी काढलेली ‘फर्स्ट’ स्पर्धा १९९२ साली सुरू झाली. २००२ साली आशिया-पॅसिफिक देशांची रोबोकॉन टोकियोत भरली आणि २००८ साली ती पुण्यात बालेवाडीला आली. त्या वर्षीचा विषय होता गोविंदा! निरनिराळ्या देशांच्या यंत्रांनी आपल्या दहीहंडीतले लोणी काढायचे होते. चीनचा संघ जिंकला. २०१४ साली ही स्पर्धा पुन्हा पुण्यात झाली.

रोबोकॉनने आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत रात्री वर्कशॉप उघडे राहू लागले, हे तिचे मोठे उपकार. पण पिशवीचा एक गुण वाटेत गळला, असे आमचे मत आहे. पिशवी वर्गातल्या प्रत्येकाला मिळत होती. स्पर्धेचा संघ निवडक मुलांचा असतो. ती मुले सहा-सहा महिने झटून उत्तम तयार होतात, आणि बाकीचा वर्ग प्रेक्षकांत बसून शिट्ट्या मारतो. त्याच वर्गातली काही मुले शेवटच्या वर्षाचा प्रकल्प बाजारातून तयार आणतात, हे गुपित राहिलेले नाही.

साहित्य महाग आहे ही सबब आता चालण्यासारखी नाही. २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावच्या डिझाइन संस्थेत ‘आर्डुइनो’ हा स्वस्त नियंत्रक तयार झाला, तो विद्यार्थ्यांना परवडावा म्हणूनच. त्याचा आराखडा खुला असल्याने त्याच्या स्वस्त नकला आपल्याकडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात. अडते ते शिक्षकापाशी. स्वतः कधी यंत्र न चालवलेला शिक्षक पिशवी वाटेल, पण तिसऱ्या दिवशी संवेदक खोटे बोलू लागला की ‘जोडणी तपासा’ यापलीकडे काय सांगणार? मुंबईच्या आयआयटीतल्या ‘ई-यंत्र’ या प्रकल्पाने हे ओळखले. २०१२ पासून तो देशभरच्या विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा घेतो, शिवाय महाविद्यालयात रोबोटिक्सची प्रयोगशाळा उभी करताना तिथल्या शिक्षकांच्या गटालाही यंत्रमानवावर कामे करून दाखवायला लावतो.

ज्यांना या सत्रात सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी आमची पिशवी अशी: खेळण्यातली गिअरची एक मोटर, दोन पेन्सिल सेल, एक बटण, आइस्क्रीमच्या वीस काड्या, रबर बँड, सायकलचा एक आरा, बाटल्यांची झाकणे, पुठ्ठा. काम: एक किलोची पिशवीबंद साखर टेबलावरून एक मीटर न्यायची. मुदत तीन आठवडे. मात्र पहिल्या आठवड्याच्या अखेरीस प्रत्येकाने काहीतरी हलणारे आणलेच पाहिजे, मग ते एक बोटभर हलून मोडले तरी चालेल. मोडलेला भाग वहीत चिकटवून घ्यावा आणि त्याच्याखाली तारीख घालावी.