बत्तीस नावं, पंधरा खुर्च्या

प्रवासाआधी

न्यूयॉर्कहून मुंबईला निघालेल्या एका वयस्कर जोडप्याने एअर इंडियाचं तिकीट काढताना दोन व्हीलचेअरची नोंद केली आहे. एक पत्नीसाठी, एक पतीसाठी. पती ८० वर्षांचे. खुर्च्या ऐनवेळी मागितलेल्या नाहीत. मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशनच्या पुढे पतींना स्वतःच्या पायांनी जाता येणार नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी २०२४, न्यूयॉर्क

व्हीलचेअर मागितलेले ३२ प्रवासी विमानात बसतात. भारत-अमेरिका मार्गावर एवढा आकडा पाहून कुणी चमकत नाही. लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या आया असतात, सहा महिने मुलाकडे राहून परतणारे वडील असतात. बहुतेकदा मुलंच तिकीट काढताना खुर्ची सांगून ठेवतात.

यावर एक तक्रार नेहमी ऐकू येते, की धडधाकट माणसंही रांग चुकवायला खुर्ची मागतात. काही जण तसं करतही असतील. पण ती शहानिशा नोंद घेतानाच व्हायला हवी. एकदा नोंद घेतली की ३२ म्हणजे ३२.

उड्डाणानंतर

अशा प्रवाशांच्या नावापुढे संकेताक्षरं असतात. ‘डब्ल्यूसीएचआर’ म्हणजे जिना चढता येतो, आसनापर्यंत चालत जाता येतं, पण लांबचं अंतर चालवत नाही. ‘डब्ल्यूसीएचएस’ म्हणजे जिनाही जमत नाही. ‘डब्ल्यूसीएचसी’ म्हणजे आसनापर्यंत उचलून न्यावं लागतं. विमान उडालं की उतरायच्या विमानतळाला या प्रवाशांची यादी आसन क्रमांकांसह कळवायची, ही विमानसेवेतली रोजची रीत आहे.

न्यूयॉर्क-मुंबई उड्डाण १४-१५ तासांचं. किती खुर्च्या लागणार हे समजायला आणि कमी पडत असतील तर हालचाल करायला तेवढे तास हातात असतात.

सोमवार, १२ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

वेळापत्रकाप्रमाणे विमान आता मुंबईत उतरायला हवं. ते अजून आकाशात आहे.

उशीर २ तास ४० मिनिटांचा होणार आहे. आत बसलेल्यांना तो जड जातो. खाली तयारी करणाऱ्यांना मात्र १६० मिनिटं जास्तीची मिळतात.

दुपारी २:१०

विमान उतरतं. न्यूयॉर्कमध्ये या वेळी पहाटेचे ३:४० झालेले आहेत.

विमानाचं दार

खुर्ची लागणाऱ्यांनी बसून राहायचं, बाकीचे उतरले की मग उठायचं, हा शिरस्ता. विमान रिकामं होतं. यादीत ३२ नावं आहेत आणि खाली मदतनीसांसह १५ खुर्च्या. १७ कमी.

जोडप्याच्या वाट्याला एक खुर्ची येते. पत्नी तिच्यात बसतात.

दुसरी येईपर्यंत थांबायला सांगितलं होतं, असं कंपनी नंतर म्हणेल. पण पहिली खुर्ची ढकलणारा मदतनीस थांबलेला नसतो, त्याला पुढच्या प्रवाशासाठी परत यायचं असतं. ऐंशीच्या माणसाने बायकोला एकटीला पुढे जाऊ द्यायचं आणि किती वेळ ते माहीत नसताना दारात थांबायचं, नाहीतर तिच्या खुर्चीबरोबर चालायला लागायचं. याला प्रवाशाची मर्जी म्हणणं मला मान्य नाही. दुसरी खुर्ची दारात असती तर हा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नसता.

ते चालायला लागतात.

दीड किलोमीटर

विमानापासून इमिग्रेशनपर्यंत सुमारे दीड किलोमीटर, असं अंतर बातम्यांत आलं. मुंबईचं टर्मिनल २ आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी खुलं झालं ते १२ फेब्रुवारी २०१४ रोजी. आज बरोबर दहा वर्षं झाली. लांबच लांब मार्गिका, गालिचे, कलाकृतींच्या भिंती. तरुण माणूस हे अंतर पाव तासात कापतो. रात्रभर विमानात बसून पाय आखडलेल्या वृद्धाला दुप्पट वेळ लागू शकतो, आणि शेजारी चाकांवर चाललेल्या खुर्चीचा वेग त्याच्या हातात नसतो.

ज्याला लांब चालवत नाही त्याच्यासाठी खुर्ची असते, ती याच टप्प्यासाठी.

इमिग्रेशन

ते इथवर पोहोचतात आणि कोसळतात. हृदयविकाराचा झटका. आधी विमानतळावरच्या वैद्यकीय केंद्रात, तिथून नानावटी रुग्णालयात नेलं जातं. तिथे डॉक्टर त्यांना मृत घोषित करतात.

२० फेब्रुवारी

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या कारणे दाखवा नोटिशीला एअर इंडिया उत्तर देते: दुसऱ्या खुर्चीची वाट पाहण्याऐवजी प्रवाशाला पत्नीच्या खुर्चीबरोबर चालत जायचं होतं.

नोंद दोन खुर्च्यांची होती.

२९ फेब्रुवारी

महासंचालनालय कंपनीला ३० लाख रुपयांचा दंड करतं. दिव्यांग आणि हालचालीवर मर्यादा असलेल्या प्रवाशांसाठीचे नियम पाळले गेले नाहीत, असा ठपका आहे. चूक करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर काय कारवाई केली हे कंपनीने कळवलेलं नाही, पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करणार तेही सांगितलेलं नाही, हेही त्यात नमूद आहे. विमानात चढता-उतरताना मदत लागणाऱ्या प्रवाशांसाठी पुरेशा व्हीलचेअर ठेवाव्यात, अशी सूचना सगळ्या विमान कंपन्यांना जाते.