आडनाव-साधर्म्य आणि डिजिटल अभिलेखांतील शोध (कान्हे, ता. मावळ)

एकाच आडनावाच्या अनेक व्यक्तींमधून नेमकी हवी ती व्यक्ती संगणकीकृत अभिलेखांत ओळखून काढण्याची रीत. सातबारा, फेरफार, जन्म-मृत्यू नोंदी, मतदार याद्या आणि स्कॅन केलेले मोडी कागद ही तिची मुख्य साधने. कान्हे हे पुणे-लोणावळा लोहमार्गावर वडगाव आणि कामशेत यांच्या मधले स्थानक. गावाच्या फाट्यावरून टाकवे बुद्रुकमार्गे आंदर मावळात वाट जाते.

मावळात आडनाव बहुधा गाव सांगते. भेगडे म्हटले की तळेगाव, म्हाळसकर म्हटले की वडगाव, सातकर म्हटले की कान्हे, असा लोकांचा हिशेब असतो. बाहेरच्याला तो उपयोगी पडतो. गावात शिरल्यावर मात्र त्याच आडनावाने कोणीच वेगळा पडत नाही. शिंदे, जाधव, गायकवाड, पवार यांच्या बाबतीत तर ते गावही सांगत नाही. म्हणून या शोधात आडनाव ही सर्वांत कच्ची खूण आहे. बहुतेकजण मात्र पहिल्यांदा तेच टाइप करतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये यजमानाला आधी गाव विचारतात, मगच वही उघडतात. तीच शिस्त येथेही लागते.

महाभूलेख संकेतस्थळ ही शिस्त आपोआप लावते. तेथे जिल्हा पुणे, तालुका मावळ, गाव कान्हे असे निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यानंतर गट क्रमांक, पहिले नाव, मधले नाव, आडनाव किंवा संपूर्ण नाव यांपैकी एकाने शोधता येते. आडनाव निवडल्यास लांबलचक यादी येते. मधल्या नावाने, म्हणजे वडिलांच्या किंवा पतीच्या नावाने, शोधल्यास ती बरीच आटोक्यात येते, कारण सख्खे भाऊ एकत्र सापडतात. नावापुढच्या खुणाही वाचाव्या लागतात. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार. एकाच नावाचे दोन खातेदार असतील, तर निर्णय सातबाऱ्यावर होत नाही. त्यासाठी फेरफार (गाव नमुना ६) आणि वारस नोंदवही (६ क) पाहावी लागते. मयताचे नाव, वारसांची नावे आणि त्यांचे नाते तेथे नोंदलेले असते. जुन्या फेरफारांच्या स्कॅन प्रती ‘आपले अभिलेख’वर मिळतात, पण त्या चित्रे असल्याने नावाने शोध लागत नाही. पाने उलटतच वाचावी लागतात.

गावाच्या नावातही फसगत होते. खेड तालुक्यात कान्हेवाडी बुद्रुक आणि कान्हेवाडी तर्फे चाकण अशी गावे आहेत. नुसते ‘कान्हे’ टाकले की तीही निकालात येतात. वडगाव मावळ, वडगाव शेरी आणि वडगाव बुद्रुक यांचा घोळ याहून मोठा. ‘शिंदे, वडगाव’ असे शोधले, की एखाद्याच्या पणजोबांऐवजी १७७९ च्या जानेवारीतली वडगावची लढाई आणि महादजी शिंदेच समोर येतात.

अक्षरांच्या अडचणी वेगळ्याच. ‘शिंदे’ आणि ‘शिन्दे’ डोळ्यांना एक वाटतात, संगणकाला दोन. ‘कुऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ यांतला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत टंकलेला मजकूर तर सरळ शोधात येतच नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि अनुस्वार अनेकदा गळतो. रोमन लिपीत गायकवाडांच्या मागे तीन-चार स्पेलिंगे लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जुन्या कागदांत आडनाव कित्येकदा नसतेच. ‘अमका बिन तमका’ किंवा ‘वलद तमका’ एवढाच उल्लेख असतो, स्त्रीच्या बाबतीत ‘कोम’. काही ठिकाणी आडनावाच्या जागी पाटील, कुलकर्णी हे वतन येते. अशा कागदात आडनाव शोधून हाती काही लागत नाही, आणि त्यावरून पूर्वजाची नोंदच नव्हती असा निष्कर्ष काढणे चूक ठरते.

या शोधाला सार्वजनिक महत्त्व आले ते २०२३ मध्ये. मराठा समाजातील कुणबी नोंदी तपासण्यासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे, समितीचे अध्यक्षही शिंदे. त्या दिवसांत या आडनावाने माहिती शोधणाऱ्याला निकालांत आधी बातम्याच वाचाव्या लागत. गाव नमुना १४, शाळांची जनरल रजिस्टरे, खासरापत्रके, कडईपत्रके असे दप्तर उघडले गेले, ५० लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे शासनाने सांगितले आणि जिल्हा प्रशासनांनी स्कॅन प्रती संकेतस्थळांवर टाकल्या. आपल्या गावात आपल्याच आडनावाची नोंद दिसली, की काम झाले असा समज पसरला. प्रत्यक्षात त्या नोंदीतील व्यक्तीपासून अर्जदारापर्यंत वंशावळ जुळवून रक्ताचे नाते सिद्ध करावे लागते, आणि ती जुळणी पुन्हा वारस फेरफारांतूनच होते.

मतदार शोधात नावाबरोबर नातेवाइकाचे नाव, वय आणि मतदारसंघ (मावळ, क्र. २०४) देता येतो. येथे वय हा चांगला चाळणीचा मुद्दा आहे, पण तो थोडा सैल धरावा. शाळेत लिहिलेली जन्मतारीख आणि खरी जन्मतारीख जुन्या पिढीत क्वचितच जुळते.

स्त्रियांचा माग सर्वांत अवघड, कारण लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, पुष्कळदा पहिलेही. माहेरच्या जमिनीवर बहिणींची नावे लागलेला वारस फेरफार हा तेथला सर्वांत भरवशाचा दुवा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम राज्य शासनाने शासकीय कागदपत्रांसाठी बंधनकारक केला आहे. विवाहित स्त्रियांसाठी मात्र स्वतःचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव हीच पद्धत चालू ठेवली आहे.