रात्री पायांना स्वस्थता नाही

दिवसभराची कामं उरकून अंथरुणाला पाठ टेकली, की पोटऱ्यांत आतून काहीतरी वळवळतं. पाय हलवले की बरं वाटतं, थांबवले की पुन्हा सुरू. हे सांगणाऱ्या बायका आमच्याकडे येतात आणि पुढे हळूच म्हणतात, "माझ्याच मनाचे खेळ असतील." हे वाक्य कुठून आलं, ते बघायला आम्ही थोडं मागे गेलो.

१६७२ साली लंडनचे डॉक्टर थॉमस विलिस यांनी असे रोगी लिहून ठेवले. अंथरुणात हातपाय उडतात, झोप लागत नाही, जणू कुणी छळ मांडलाय. विलिस अफूचं औषध देत. मग १८६१ मध्ये थिओडोर विटमाक या जर्मन डॉक्टरांनी त्याला ‘पिंढऱ्यांची तगमग’ अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं आणि हिस्टेरियाच्या खात्यात टाकलं. हिस्टेरिया म्हणजे तेव्हा बायकांच्या न उमगलेल्या दुखण्यांची अडगळीची खोलीच! झालं, दुखणं पायातून उचललं आणि डोक्यात नेऊन ठेवलं.

ते परत पायांशी आणलं स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी. १९४५ मध्ये त्यांनी याला ‘रेस्टलेस लेग्ज’ म्हटलं. गरोदर बायकांत आणि अंगात लोह कमी असलेल्यांत हा त्रास जास्त दिसतो, हेही टिपलं. १९५३ मध्ये तिथल्याच नॉर्डलँडर यांनी शिरेतून लोह दिलं आणि रोग्यांना आराम पडला.

पुढे १९८२ पासून कंपवाताची औषधं यावर चालू लागली. गुण लगेच येई. पण वर्षानुवर्षं घेतली की काहींचा त्रास रात्रीऐवजी दुपारीच सुरू होई, हातांतही पसरे. म्हणून आता डॉक्टर आधी लोह बघतात.

आपल्याकडे तर निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी. त्यातही एक गोम आहे: हिमोग्लोबिन चांगलं असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो. त्यासाठी फेरिटिनची वेगळी तपासणी असते. लॅबच्या कागदावर २० सुद्धा ‘नॉर्मल’ छापून येतं. या त्रासात मात्र ७५ पर्यंत असलं तरी डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. गोळ्या मनाने सुरू करू नका, आणि घेत असाल तर चहासोबत नको. चहाने लोह अंगी लागत नाही.

गरोदरपणातला त्रास बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो. डॉक्टरांकडे जाताना सर्दीची किंवा उलटीची गोळी चालू असेल तर तीही दाखवा. त्यातल्या काही गोळ्यांनी पाय जास्तच वळवळतात.